आधी कसरत, मग लाथ

रक्षा गुल्हाने पायाळू आहे, म्हणजे जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर काढून या जगात आली, ही गोष्ट घराबाहेर फुटू नये म्हणून तिनं पंचवीस वर्षं जी खबरदारी घेतली ती लोक घरच्या भांडणांचीही घेत नाहीत. कारण आपल्याकडे पायाळूच्या लाथेत गुण असतो. कंबरेत उसण भरली की पायाळूला गाठायचं, त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं, त्यानं कंबरेवर हलक्या हातानं, म्हणजे हलक्या पायानं, लाथ द्यायची, की उसण पळाली. शिक्षण लागत नाही, परीक्षा लागत नाही, फक्त जन्म उलटा लागतो. आणि रक्षा तर साडेचार वर्षं फिजिओथेरपीची पदवी घेऊन वर वर्ध्याच्या एका कॉलेजात एमपीटी ही पुढची पदवी करत होती. तेही मस्क्युलोस्केलेटल विषयात. हाडं, सांधे, स्नायू. सहा वर्षं कंबर या एका अवयवावर जिनं डोकं घासलं, तिनं असली गोष्ट चारचौघांत काढावी तरी कशाला?

सिंदी रेल्वे या गावी तिची इज्जत आधीच बेताची होती. गावाच्या हिशेबानं डॉक्टर म्हणजे सुई देतो तो. ही सुई देत नाही, गोळी देत नाही, मग करते काय? "मांसपेशी आणि सांध्यांचं शास्त्र आहे, काकू," असं तिनं शेजारच्या सुमित्राबाईंना एकदा अर्धा तास समजावलं होतं. सुमित्राकाकूंनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी स्टेशनवर दहा माणसांत हाक मारली, "काऊन वं रक्षा, संपत आलं काय तुह्यं मालिशचं कॉलेज?"

तर अशी ही रक्षा. दिवाळी झाली आणि तिच्या थिसिसनं गळा धरला.

थिसिससाठी तीन महिन्यांहून जुनी कंबरदुखी असलेली चाळीस माणसं हवी होती. त्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. दोन्ही गटांनी सहा आठवडे रोज व्यायाम करायचा. एका गटाच्या कंबरेला वर एक निळी लवचीक पट्टी चिकटवायची, दुसऱ्याच्या नाही. शेवटी मोजायचं, पट्टीनं काही फरक पडला का. एवढं साधं काम. पण कॉलेजच्या ओपीडीत येणाऱ्या कंबरा पाच विद्यार्थ्यांनी आधीच वाटून घेतल्या होत्या, आणि रक्षाच्या गाईड मोहरील मॅडम म्हणाल्या, "तुझ्या गावात कोणाला कंबर नाही का? तिथे घे. तेवीस डिसेंबर, मंगळवार, सकाळी अकरा. सह्यांचे मूळ कागद आणि तू, दोन्ही माझ्या टेबलासमोर, थिसिस कमिटीपुढे हजर. नाहीतर टर्म सहा महिन्यांनी वाढली समज."

मोहरील मॅडम एकदा बोलल्या की बोलल्या. आदल्याच वर्षी एका मुलीची टर्म वाढली होती, आणि ती अजून ओपीडीत नव्या मुलांना कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात ते दाखवत फिरत होती. रक्षाला किल्ल्या दाखवायच्या नव्हत्या.

रक्षाचे वडील प्रभाकरराव यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. वर एक रिकामी खोली, बाहेरून अकरा पायऱ्यांचा जिना. तिथे तिनं एक लाकडी पलंग टाकला, भिंतीवर स्वतःच्या हातानं चित्र काढून लिहिलं: "कंबरेतून वाकू नका, गुडघ्यातून वाका." आणि पहिल्या रविवारी वाट पाहत बसली.

नऊ जण आले. नवांपुढे तिनं चार पानांचं संमतीपत्र ठेवलं. जिनिंगमधला एक हमाल कागद उलटापालटा करून म्हणाला, "बाई, हे वावराचं तं नाई ना? आमच्या काकाची आशीच सही घेतल्ती." रक्षानं घसा कोरडा होईस्तोवर वाचून दाखवलं. "मी कोणत्याही वेळी, कोणतंही कारण न देता या अभ्यासातून बाहेर पडू शकतो," या वाक्यावर ती पोचली तेव्हा दोघं उठले.

"कुठं चालले?"

"तुम्हीच तं म्हनून राह्यल्या. निघतो मंग आत्ताच."

राहिले सात. त्या सातांशिवाय एक तानबाजी आले होते. वय सत्तरच्या पुढे, डोक्यावर टोपी, हातात काठी. ते जिना चढलेच नाहीत. पहिल्या पायरीवर बसले आणि तिला खाली बोलावलं. उजवा गुडघा दुखतो म्हणाले.

"तानबाजी, माझा अभ्यास कंबरेचा आहे. गुडघा यात घेता येत नाही."

"काऊन? गुडघा काय दुसऱ्याचा हाय? याच आंगाले लागून हाय ना?"

तानबाजी हे सिंदीचे जुने पायाळू. चाळीस वर्षं त्यांनी गावाच्या कंबरा सोडवल्या होत्या. आता गुडघ्यात लाथ उरली नव्हती, पाय उचलेना, जिना चढवेना, तेव्हा गावाची उसण वाऱ्यावर पडली होती. रक्षाला त्यांची लाथ नको होती, पण म्हातारा माणूस पायरीवर बसून हिरमुसला ते काही बघवेना. तिनं त्यांच्याच दुपट्ट्याची गुंडाळी करून गुडघ्याखाली ठेवली. "ही खाली दाबायची. मांडी कडक झाली पाहिजे. दहा मोजायचे, सोडायचं. सकाळ-संध्याकाळ." याचा कागद नाही, नोंद नाही, काही नाही. तानबाजींनी तिथल्या तिथे दहा वेळा दाबून दाखवलं आणि "हे तं सोपं हाय" म्हणून निघून गेले.

सात. चाळीसमधून सात गेले तर तेहेतीस उरतात, हे समजायला संख्याशास्त्र लागत नाही. रक्षा जेवली नाही. ते तिच्या आईला, सुलोचनाबाईंना, सहन झालं नाही. आणि नेमक्या त्याच वेळी सुमित्राकाकू दह्याचं विरजण मागायला आल्या आणि म्हणाल्या, "कोनी नाई आलं म्हने? आता मालिशले कोन येईन बाप्पा, घरोघरी बाम हाय."

सुलोचनाबाई ताडकन म्हणाल्या, "अवो, मालिशवाली नाई माही पोरगी! पायाळू हाय थे! मनात आनलं तं एका लाथेत कंबर सुधरवन!"

विरजण घेऊन काकू गेल्या. जाताना त्यांनी चपला उलट्या घातल्या होत्या, इतकी त्यांना घाई झाली होती.

दुसऱ्या रविवारी रक्षानं खिडकी उघडली तर खाली साठ-सत्तर माणसं. कापूस वेचणाऱ्या बाया होत्या, हमाल होते, किराण्याचे दोन दुकानदार होते. तिचा जीव हरखला. हातात संमतीपत्रांचा गठ्ठा घेऊन ती जिन्यावर आली. पहिल्याच बाईनं तिच्याकडे पाठ केली, पदर खोचला आणि म्हणाली, "मार वं माय."

रक्षाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचे कान तापले. "मी लाथ मारत नाही! मी व्यायाम शिकवते!"

"व्यायाम मंग. आधी लाथ मार ना."

"आई!!" ही हाक स्टेशनपर्यंत गेली असावी. सुलोचनाबाई स्वयंपाकघरातून बाहेरच आल्या नाहीत. पुढची दहा मिनिटं रक्षानं जिन्यावर उभं राहून कण्याची रचना, स्नायूंचा तोल, नवी उसण आणि जुनी कंबरदुखी यांतला फरक असं एक व्याख्यान दिलं. कॉलेजच्या सेमिनारमध्ये ते दिलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या. इथे लोक एकेक करून पांगायला लागले. "मारत नाई म्हन्ते. गर्व चढला पोट्टीले."

आता प्रभाकरराव हा दुकानदार माणूस. दारात आलेलं गिऱ्हाईक परत जाताना दिसलं की त्यांना राहवत नाही, मग ते गिऱ्हाईक लाथेचं का असेना. ते गल्ल्यावरून उठले, ओट्यावर आले आणि मोठ्यानं म्हणाले, "थांबा रे! भेटन, लाथ भेटन! पन कच्च्या भिंतीत कोनी खिळा ठोकते काय? आधी भिंत पक्की करा. सहा हप्ते कसरत, मंग लाथ. ज्यानं कसरत बुडवली त्याची लाथ बुडाली!"

हे सगळ्यांना एकदम पटलं. रक्षाच्या व्याख्यानानं जे झालं नाही ते खिळ्यानं झालं. दीड तासात चाळीस सह्या पूर्ण, वर अकरा जण वेटिंगला.

"बाबा, तुम्ही कबूल कसं केलं?"

"मी काय म्हटलं? तू मारशील म्हटलं काय? मी म्हटलं, भेटन."

बापाशी भांडायचं की चाळीसचा आकडा घ्यायचा, असा प्रश्न होता. रक्षानं आकडा घेतला. माणसाचं तत्त्व तेवीस डिसेंबरपुढे जरा मऊ पडतं.

व्यायाम सुरू झाले. मांजरीसारखी पाठ वर, पाठ खाली. पालथं पडून हात-पाय उचलणं. पोट आत घेऊन पूल करणं. लोकांनी मन लावून केले, हे कबूल केलं पाहिजे. पण चिठ्ठ्यांनी घोटाळा केला. ज्यांना निळी पट्टी निघाली ते बाजारातून सदरा वर करून फिरायला लागले. ज्यांना निघाली नाही ते रोज दारात. "आमाले काऊन नाई? आमी काय पाप केलं?" नवऱ्याला पट्टी, बायकोला नाही, अशी तीन घरं होती, तिथे तर अबोला सुरू झाला. "चिठ्ठीत जे निघालं ते निघालं, यात माझा हात नाही," हे रक्षा इतक्यांदा म्हणाली की शेवटी पट्टी न मिळालेल्यांनी बोलणंच सोडलं. तिला वाटलं, समजले बिचारे.

दुसऱ्या आठवड्यात तिनं एका हमालाची कंबर तपासायला सदरा वर केला आणि तिला भोवळ यायची राहिली. कंबरेवर दोन काळ्या पट्ट्या, फुलीसारख्या. वायरमन वापरतो ती इन्सुलेशन टेप. पट्टी नसलेल्या वीसपैकी चौदा जणांच्या कंबरेवर हीच टेप, आणि ती आली कुठून? खालच्या दुकानातून. प्रभाकररावांनी स्वतःच्या हातानं कापून दिली होती.

"बाबा!"

"गिऱ्हाईकानं टेप मागितली. मी विचारू काय, वायरीले लावते का कंबरेले?"

त्या चौदा कंबरांवरची टेप काढणं हा एक स्वतंत्र अध्याय आहे. कंबरेला केस असतात, आणि ही टेप केसांना सोडत नाही. जिन्याखाली उभे असलेले लोक वरचं ओरडणं ऐकून म्हणाले, "लाथ चालू झाली वाटते." दोघं त्यातून जे पळाले ते आलेच नाहीत, आणि एक बाई वणीकडे लेकीकडे निघून गेली. चाळीसचे सदतीस झाले. मोहरील मॅडम फोनवर एवढंच म्हणाल्या, "आता एक जरी कमी झाला तर निष्कर्षाला अर्थ राहणार नाही, रक्षा."

आणि हे कमी होतं म्हणून की काय, एथिक्स कमिटीचं पत्र आलं.

तिच्या सदतीस माणसांत अश्वजित सर म्हणून जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक होते. लहान मुलांच्या बुटक्या बाकांवर वाकून वाकून त्यांची कंबर गेली होती. असा सहभागी शोधून सापडणार नाही. रोजच्या व्यायामाची वही, तारीख, वेळ, किती वेळा, शेरा, सगळं सुवाच्य अक्षरात. या सरांनी लाथेच्या घोषणेबद्दल ऐकलं आणि कॉलेजच्या एथिक्स कमिटीला अकरा मुद्द्यांचा अर्ज केला. कमिटीनं रक्षाला विचारलं होतं: लाथ म्हणजे नेमकं काय? ती किती जोरानं व शरीराच्या कोणत्या भागावर देणार? त्यासाठी सहभागींची वेगळी लेखी संमती घेतली आहे काय? इजा झाल्यास जबाबदारी कोणाची?

रक्षा तणतणत सरांच्या घरी गेली. "सर, तुम्ही माझ्याविरुद्ध अर्ज केला?"

सरांनी तिला बसायला खुर्ची दिली. "तुमच्याविरुद्ध नाही, रक्षाताई. लाथेविरुद्ध. माझी कंबर तीन आठवड्यांत अर्धी सुधारली, ती तुमच्या व्यायामानं. शेवटी तुम्ही लाथ मारणार आणि सगळं श्रेय लाथ घेऊन जाणार. आमच्या घरात ही असली थोतांडं माझ्या आजोबांनीच बंद केली. मला हे सहन होत नाही."

रक्षा भांडायला आली होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सहा वर्षांत तिच्या शिक्षणाची बाजू घेऊन कोणी अर्ज केला असेल तर तो हाच, आणि तो नेमका तिचं गाडं अडवायला! ती चहा पिऊन परत आली.

कमिटीची बैठक झाली. शेवटी ठरलं की सगळी मोजमापं संपल्यावर अभ्यासाबाहेर जे काही होईल ती लोकांची खासगी बाब. पण रक्षानं तिचा उल्लेख अभ्यासाच्या मर्यादांमध्ये करावा. म्हणजे "लाथ" हा शब्द तिच्या थिसिसमध्ये, काळ्या शाईत, कायमचा जाणार होता. तिनं तो टाइप केला, पुसला, आणि "स्थानिक पारंपरिक उपचार" असं लिहिलं.

एकवीस डिसेंबर, शेवटचा रविवार. सदतीसच्या सदतीस हजर! एकही गळती नाही. रक्षानं एकेकाची वाकण्याची मर्यादा मोजली, दुखण्याचे आकडे लिहून घेतले. आठवरून तीन, सातवरून एक, सहावरून शून्य. कागदांचा गठ्ठा पूर्ण झाला तेव्हा तिचा ऊर भरून आला. आता कोणाला काही दुखतच नाही, तेव्हा लाथेचा विषय आपोआप मिटला, असं तिनं धरून चाललं.

ती उठली तर खोलीपासून जिन्याखालपर्यंत रांग.

"अहो, तुमची कंबर बरी आहे ना? आत्ताच शून्य लिहिलंत!"

"हाव ना, एकदम फस्क्लास."

"मग लाथ कशाला?"

"कबूल केलतं ना तुमच्या बाबानं! सहा हप्ते फुकटच वाकलो काय आमी?" सुमित्राकाकूही रांगेत होत्या. त्यांची कंबर कधी दुखलीच नव्हती, आणि अभ्यासात तर त्या नव्हत्याच. पण त्यांना कोण अडवणार?

रक्षानं खाली पाहिलं. बाबा गल्ल्यावर बसून वहीत तोंड खुपसून होते. तिनं चप्पल काढली.

पहिला नंबर एका म्हाताऱ्या मामांचा. खाली पायरीवर बसलेल्या तानबाजींचा आवाज आला, "उजव्या पायानं देजो! तीन!" तिनं त्यांच्या कंबरेला तीनदा तळपाय लावला. आणि मग, वडीलधाऱ्या माणसाला आपला पाय लागला या विचारानं तिचं तिलाच कसंनुसं झालं. ती पटकन वाकली आणि मामांच्या पाया पडली. मामा गहिवरले. आता एकाच्या पाया पडल्यावर दुसऱ्याच्या न पडून कसं चालेल? तीन लाथा, एक नमस्कार. तीन लाथा, एक नमस्कार. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाची तानबाजी चौकशी करत होते. "किती देल्ल्या? दोनच? वर जा वापस."

अश्वजित सर लाथ न घेता एका कोपऱ्यात उभे होते. दहाव्या नमस्काराला ते म्हणाले, "रक्षाताई, तुम्ही कंबरेतून वाकताय."

"सर, नंतर बोलू."

विसाव्याला ते पुन्हा म्हणाले, "ताई, गुडघ्यातून."

"सर, प्लीज!"

तेहेतिसाव्या नमस्काराला, भिंतीवरच्या तिच्याच चित्राखाली, रक्षाच्या कंबरेत काहीतरी कट्कन झालं. काय झालं हे त्या खोलीत तिच्याइतकं नेमकं कोणालाच सांगता आलं नसतं. स्नायूचं नाव, मणक्याचा नंबर, सगळं तिला ठाऊक होतं, पण उभं राहता येत नव्हतं. उरलेले चार तिनं अर्धवट वाकूनच उरकले, आणि शेवटच्या सुमित्राकाकू खाली उतरल्यावर ती पलंगावर जी पालथी पडली ती पडलीच.

जिना उतरणं शक्य नव्हतं, म्हणून सोमवारी ती तिथेच. आईनं शेकलं, एरंडाचं पान गरम करून बांधलं. आणि मग समाचाराला गाव आलं. आलेल्या प्रत्येकानं तिला तिचाच व्यायाम शिकवला, तोही चुकीचा. "मांजरीसारखं करा बाई. नाई नाई, पाठ खाली नाई, मान खाली." जिच्या कंबरेवरून तिनं काळी टेप ओढली होती ती बाई म्हणाली, "थोडं सहन करा लागते." सुमित्राकाकूंनी तर निदानच केलं: "आमची सगळ्यायची उसन हिच्या आंगात गेली. सदतीस जनायची एकटीनं ओढून घेतली पोरीनं, दुसरं काय?"

रक्षा उशीत तोंड घालून दात खात होती. अशी कंबर बहुतेक वेळा थोड्या दिवसांत आपोआप सुटते, हे तिनं परीक्षेत तीनदा लिहिलं होतं. पण थोडे दिवस होते कुठे? उद्या मंगळवार होता. तिनं मॅडमना फोन केला. मॅडम म्हणाल्या, "कंबरदुखीवर थिसिस, आणि कंबर दुखते म्हणून तू येणार नाहीस? हे मी थिसिस कमिटीला कोणत्या तोंडानं सांगू?" सदतीस माणसं, सहा आठवडे, काळी टेप, अकरा मुद्दे, इतकं सगळं करून ती शेवटी ओपीडीत किल्ल्या दाखवत फिरणार होती. तिला रडू आलं, आणि रडतानाही कंबर दुखली.

दुपार कलली तशी जिन्यावर पावलं वाजली. रक्षाला सवय होती. पावलांवरून माणसाचा सांधा ओळखायचा हेच तिचं शिक्षण. दुखरा माणूस एका पायरीवर दोन्ही पाय आणतो, मग पुढची. ही पावलं तशी नव्हती. एक पाय एका पायरीवर, दुसरा पुढच्या. संथ, पण सरळ. तिनं मोजलं. अकरा. काठीचा आवाज नाही.

दारात तानबाजी उभे होते.

"तानबाजी! तुम्ही वर आले?"

"आलो ना. सात हप्ते दुपट्टा दाबून राह्यलो. काठी खालीच ठेवली, तुह्या बापापाशी."

पालथ्या पालथ्या रक्षाला हसू आलं आणि अंगावर काटाही आला. या माणसाचा तिच्याकडे कागद नव्हता, आकडा नव्हता, कोणत्याही तक्त्यात तो कुठे बसत नव्हता. आणि तिच्या सहा वर्षांत इतकं चांगलं काही तिनं केलेलं नव्हतं.

तानबाजींनी टोपी काढून खिडकीत ठेवली. पलंगाला हात टेकवला आणि उजवा पाय उचलून पाहिला. पाय उचलला गेला.

"तानबाजी, नाही हं! मी हे मानत नाही."

"नोको मानू. मी तुहा कागद वाचला काय? वाचता येते काय मले? तरी गुडघा सुधरला ना?"

"ते वेगळं आहे. तिथे स्नायू बळकट होतो, त्याला कारण आहे..."

"हाव, हाव. आता आयक. या पायात जोर नोता. लाथ संपली होती माही. जोर तूच भरला. म्हनून हे लाथ माही नाई, पोरी, तुहीच होय. तुही तुले वापस देऊन राह्यलो. आपल्या वस्तूले कोनी नाई म्हन्ते काय?"

रक्षानं उशी दोन्ही हातांनी कवटाळली. उशीतूनच म्हणाली, "दार लावून घ्या. अश्वजित सरांना कळता कामा नये."

तानबाजींनी दार लोटलं. तीन लाथा. लाथ कसली, थकल्या माणसानं उंबऱ्यावर पाय टेकावा तसा तो पाय तिच्या कंबरेवर टेकला आणि उचलला गेला. मग ते वाकले. गुडघ्यातून वाकले, नीट, पाठ सरळ ठेवून, आणि तिच्या पलंगाला हात लावून त्यांनी कपाळाला लावला.

मंगळवारी सकाळी रक्षा एका कुशीवर वळून, हातावर जोर देऊन, पुस्तकात लिहिलंय तशी उठली. दुखत होतं, पण उभं राहता येत होतं. आईनं पट्टा बांधला, बाबांनी कागदांची पिशवी उचलली, आणि पॅसेंजरनं ती वर्ध्याला गेली. अकरा वाजता ती टेबलासमोर उभी होती. सोमवारी रात्री पलंगावर पालथ्या पालथ्या जुळवलेल्या आकड्यांवर अठ्ठावीस मिनिटं बोलली. दोन्ही गट सारखेच सुधारले, पट्टीनं काडीचा फरक पडला नाही. थिसिस कमिटीतल्या एका सरांनी "स्थानिक पारंपरिक उपचार" यावर बोट ठेवून "हे काय?" विचारलं. तिनं सरळ सांगितलं. कोणी हसलं नाही, सगळे नुसते खोकले. मोहरील मॅडमनी सही केली.

कागद परत देताना मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "काल तर तुला उठता येत नव्हतं. कशानं बरी झालीस?"

रक्षानं मनात यादी केली. शेक, एरंडाचं पान, दोन दिवसांची विश्रांती, रात्री हळूच केलेले व्यायाम आणि तीन लाथा. रुग्ण एकच, तोही आपणच. यातून निष्कर्ष काढणाऱ्याला तिनं स्वतः नापास केलं असतं.

"तानबाजींचा गुडघा बरा झाला मॅडम, म्हणून."

मॅडमनी सदतीस नावांच्या यादीवरून बोट फिरवलं. वरून खाली, मग पुन्हा वरून खाली.

"यात तानबाजी कुठे आहेत?"

"नाहीत, मॅडम," रक्षा म्हणाली. "त्यांना मी घेतलंच नव्हतं."